अंगठा कोणाचा चालते

आमच्या गावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात, माझ्याएवढा मोठा गडी आजवर कोणी झाला नाई, हे मी कोणापुढंही छाती ठोकून सांगतो. मोठा म्हणजे उंचीनं. बाकीची पोट्टी सहा-सात वर्साची होती अन् मले मिसरूड फुटून राह्यली होती. मी पुढं बसलो की मांगच्या पोरायले फळा दिसे नाई, म्हणून गुरुजीनं मले भिंतीजवळ बसवलं. भिंतीले टेकलो की भिंतीची माती सदऱ्याले लागे, म्हणून मायनं शाळेत सदरा घालणंच बंद केलं. असा उघड्या पाठीचा, लांब टांगेचा, मातीनं रंगलेला इद्यार्थी. हे सारं मी सांगून राह्यलो अन् माझी नात लिहून राह्यली. मधामधात ती हसते, मंग लिहाचं राहून जाते. तिले वाटते बुढा वाढवून सांगते. आता सांगा बाप्पा, पहिलीतल्या मिसरुडीत वाढवाले काय राह्यलं?

आमचं घर वैनगंगेच्या अल्याड, धानाच्या बांध्यायच्या मधात. सकाळी डोळे उघडाच्या आधी कान उघडत. माय अन् शेजारची एक बाई उखळात धान कांडत, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, धप-धप, धप-धप, अन् त्याच्या मधात बांगड्या. तो आवाज ऐकला की लोक उठत. मले त्या आवाजानं आणखीच झोप लागे. मंग बाबाचा खोकला, मंग गोठ्यात ढोरायची खूर आपटणी, मंग बाबाचा आवाज, 'उठला का तो?' सकाळी आंबील, दुपारी भात अन् लाखोळीचं वरण, पावसात जंगलातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, माय त्याले चिरून रातभर पाण्यात ठेवे. नदीचा पूर उतरला की झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी. झिंगे तव्यावर भाजले की त्याचा वास कुंपण ओलांडून मांगच्या घरात जाय, अन् वाटी भरून माय मले त्याच घरी पाठवे, 'जाय, सोमीमायले देऊन ये.' वाटी तिथी पोचेपर्यंत अर्धी राहे. सोमीमाय वाटीत पाहे, मंग माझ्या तोंडाकडं पाहे, अन् म्हणे, 'वाटीले भोक हाय काय बे?'

ही सोमीमाय कोण, ते इथीच सांगतो, नाईतर पुढचं कायी समजणार नाई. माझ्या आधी मायले पोरं झाली, पण रांगेपर्यंत कोणी टिकलं नाई. मंग मी झालो. तवा गावातल्या बुढ्या बायायनं बाबाले सांगतलं, तुमच्या घरावर कोणाची तरी नजर हाय, ह्या पोराले तुमच्या नावावर ठेवू नका, विकून टाका. आमच्याकडं तशी रीतच होती. मले सुपात घातलं, सूप उकिरड्यावर ठेवलं, अन् मांगच्या घरच्या सोमीले हाक मारली. सोमी गोंडाची, नवरा जंगलात लाकडं तोडता-तोडता गेलेला, पोरबाळ नाई. तिचे देव अलग, येनाच्या झाडाखाली बसणारे. आमच्या घरावर ज्याची नजर होती त्याले तिच्या देवायच्या घराची वाट मालूम नसल, असा सारा इचार. तिनं सूपभर कोंडा देला अन् मले उचललं. म्हणून माझं नाव कोंडू. कोंडा म्हैस खाते. म्हणजे बाजारात माझा भाव म्हशीच्या दोन घासाएवढा, अन् त्या म्हशीले बी तो जास्त वाटला असल.

विकल्यावर मी राह्यलो मायच्याच घरी, दूध बी मायचंच पेलो. पण कायदा पक्का होता. बाबानं चार लोकांत मले 'माझा पोरगा' म्हणाचं नाई. म्हटलं की सौदा मोडला, अन् सौदा मोडला की जे कोणी कान लावून बसलं हाय ते ऐकून घेईल. माझा बाप वाघाले भेत नोता. जंगलखात्याच्या साहेबाले भेत नोता. ह्या एका शब्दाले भेत होता. पाहुणे आले अन् कोणी इचारलं, 'हा कोणाचा?' तर बाबा अंगणातल्या कोंबडीकडं पाहात म्हणे, 'सोमीचा.' दर पोळ्याले सोमीमाय मले सदरा घेऊन दे. अन् माझ्या लग्नाच्या हळदीआधी लुगडं-चोळी देऊन मले तिच्यापासून परत विकत घ्यावं लागलं, नाईतर हळद लागत नाई. त्या वेळेस तिनं जराही घासाघीस केली नाई. लुगडं घेतलं अन् म्हणे, 'घेऊन जा.' हे मले आजही लागते.

तर शाळा. गावाच्या कडंले पडीक जागा होती, तेच शाळेचं मैदान. मी ढोरं घेऊन तिथून जात होतो अन् शाळेची पोट्टी हुतूतू खेळून राह्यली होती. गुरुजी भांदकाकडचे, अंगानं बुटके, पान खाणारे, अन् खेळाचे इतके वेडे की पोरगा गणितात नापास झाला तर त्यायले राग येत नोता, चढाईत बाद झाला की येत होता. त्या दिवशी एका पोराले हिव भरून आलं होतं, एक गडी कमी. गुरुजी ओरडले, 'ए लंब्या, खेळते का?' मी ढोरं सोडली, धावत गेलो, 'हुतूतू' म्हणत पलीकडं शिरलो, माझाच एक पाय माझ्याच दुसऱ्या पायात अडकला अन् पडलो. पडलो तो थेट चौघायच्या अंगावर. अन् हात लांब, म्हणून पडल्या-पडल्या मधली रेघ हाताले लागली. चौघं बाद. गुरुजी टाळ्या वाजवून नाचाले लागले. मी तवा माती थुंकून राह्यलो होतो अन् आमची म्हैस कोणाच्या तरी तुरीत शिरली होती. तेवढ्यावर माझं नाव झालं. मी पडण्यात हुशार हाय हे गुरुजीले समजाले लई दिवस लागले.

दिवे लागाच्या वेळेले गुरुजी घरी आले. बाबा ओसरीवर दोर वळत बसला होता.

'भाऊ, ह्या पोराचं नाव शाळेत घालू म्हणतो.'

'काऊन?'

'चामोर्शीले शाळा-शाळायचे सामने हायेत. शाळेत नाव असल्याबिगर खेळता येत नाई. नुसतं नाव बी चालत नाई, आतापासून रोज हजर राह्यला पायजे. नेम हाय तसा.'

'अन् ढोरायच्या मांगं कोण जाते? तुमी जाता?'

'सकाळ-संध्याकाळ तो जाईल. दुपारी शाळा.'

'दुपारी ढोरं उपास करतात काय?' बाबानं दोर ओढला. 'एक सांगा गुरुजी. पोट्ट्यानं शिकाचं का नाई, हे कोणी ठरवाचं? घरच्यानं का शाळेनं?'

'घरच्यानंच, भाऊ. त्याच्यासाठीच तर आलो. पालकाचा अंगठा लागते. त्याच्याबिगर मले नाव घालता येत नाई.'

'मंग घालू नका. हा अंगठा नाई टेकत.'

गुरुजीचं तोंड एवढंसं झालं. पान थुंकाले उठले. तेवढ्यात कुंपणाच्या मांगून आवाज आला, 'गुरुजी, अंगठा कुठी टेकवाचा?'

सोमीमाय फाटक ढकलून आत आली. हात चिखलाचा, तो तिनं लुगड्याले पुसला. गुरुजीनं बाबाकडं पाह्यलं, तिच्याकडं पाह्यलं, अन् कागद पुढं केला. शाई नोती. तिनं आमच्याच चिमणीच्या काचेवरची काजळी अंगठ्याले लावली अन् बाबाच्या डोळ्यादेखत कागदावर टेकवला. बाबा ताडकन उठला. 'अवं, तो माझा—' म्हणे, अन् तिथंच थांबला. तोंड उघडं ते उघडंच. चुलीपाशी मायच्या हातची पळी थांबली. मले वाटलं आता बाबा तो शब्द बोलते. पण त्यानं तोंड मिटलं, खाली बसला अन् दोर वळाले लागला. सोमीमाय म्हणे, 'बोल ना, काय माझा?' बाबा म्हणे, 'दोर. माझा दोर. तुझ्या पायाखाली आला.'

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासा झाला. म्हणजे बोले, पण बैलाच्या मार्फत. 'ढवळ्या, शाळेतल्या साहेबाले इचार, शेण आज कोण काढते?' मी शेण काढत-काढत ढवळ्याले म्हणत होतो, 'सांग, काढून राह्यलो.' ढवळ्या रवंथ करे. घरात तवा सर्वात जास्त इज्जत त्याचीच होती. सकाळी ढोरं जंगलाच्या कडंले नेऊन दुसऱ्या गुराख्याच्या गळ्यात घालाची, शाळेत धावाचं, शाळा सुटली की परत धावाचं. माय एका भोपळ्यात आंबील भरून दे, बोलत कायी नोती, पण भोपळा दिवसेंदिवस मोठा होत गेला.

शाळेतली माझी गत काय सांगू. पोट्टी मले कोंडूकाका म्हणत. गुरुजीनं 'क' काढाले सांगतला की माझा 'क' पाटीत मावे नाई. हाताले नांगराची सवय, पेन्सिल धरली की तुटे. शेजारची चिमुरडी पोरगी माझं बोट धरून गिरवे अन् गुरुजीले सांगे, 'गुरुजी, कोंडूकाकाले जोर लई हाय, अक्कल नाई.' पण एक गोष्ट होत गेली. आधी मले वाटे अक्षरं म्हणजे मुंग्या, एकीसारखी दुसरी. मंग त्यातली एक ओळखीची वाटाले लागली, मंग दुसरी. जंगलात झाडं तशीच तर ओळखाले शिकलो होतो, हा येन, हा मोह, हा टेंभूर्ण. रस्त्यानं जाताना मी मातीत काडीनं 'क' काढत होतो अन् मांगून येणारी म्हैस तो मिटवत येत होती.

सामन्याचा दिवस चामोर्शीच्या बाजाराचा दिवस होता. आमी पोट्टी गुरुजीसोबत एका बैलबंडीत, बाबा आपली बंडी घेऊन बाजाराले, सोमीमाय चारोळीची टोपली डोक्यावर घेऊन पायी. बाबानं तिले बंडीत बस म्हटलं नाई अन् ती बी बसली नसती. बाजाराच्या तोंडाशी एक मोटर उभी होती. तिच्या कपाळावर पाटी. मी सहज पाह्यलं, अन् माझी मानच वळेना. च-ले काना चा, त्याच्यावर टिंब, चां. द-ले काना दा. 'चांदा!' मी इतक्या जोरानं ओरडलो की डायवरनं मुंडी बाहेर काढली. 'हाव, चांदा. बसाचं हाय का?' मी म्हटलं, 'नाई, नुसतं वाचलं.' तो म्हणे, 'मंग बाजूले हो.' मी बाजूले झालो, पण अंगात गरमी चढली होती. ज्या मोटरीत मी कधी बसलो नोतो ती कुठी जाते हे मले कोणी न सांगता मालूम झालं होतं. आता हे बोलता-बोलता नातीकडं पाह्यलं; ती चार-चार भाषा वाचते, तिले ह्यात कायी नवल वाटत नाई. वाटू नाईच, तेच बरं.

मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. मले शाळेची चड्डी घातली होती, ती चौथीतल्या पोराच्या मापाची, म्हणून मी वाकत नोतो. आमचा पहिला सामना एका मोठ्या शाळेसोबत. त्यांचे गुरुजी उंच, टोपी कडक, आवाज त्याच्याहून कडक. त्यायनं मले पाह्यलं अन् सरळ पंचाकडं गेले. पंच म्हणजे नागपूरकडचे एक बुढे हेडमास्तर, बगलेत छत्री, कपाळाले आठ्या.

'हा पोरगा प्राथमिक शाळेचा?' टोपीवाले गुरुजी म्हणाले. 'ह्याले मिशा हायेत.'

पंचायनं जवळ येऊन माझ्या मिशा पाह्यल्या. नेमाचा कागद वाचला. 'नियमात शाळेचं नाव आणि हजेरी आहे. मिशांचं काही लिहिलेलं नाही.' नेम करणाऱ्यायनं असा घोडा पहिलीत बसल हे मनातच आणलं नसल. मी खूश झालो, वाकलो, अन् चड्डी एका बाजूनं उसवली.

पण टोपीवाले गुरुजी हुशार. त्यायनं आमच्या गुरुजीचा कागद मांगून घेतला. 'हे पाहा. बापाचं नाव एक अन् अंगठा बाईचा. बाई माय बी नाई ह्याची. बाप जिता हाय, इथंच बाजारात हाय, त्यानं नाई म्हटलं होतं हे ह्यांच्याच गावचे लोक बाजारात सांगून राह्यले. ज्याच्या पोराले शिकवाचं त्याचीच संमती नाई, म्हणजे नाव खोटं घातलं.'

आमच्या गुरुजीचं पान तोंडातच राह्यलं. पंच म्हणाले, 'त्या दोघांना बोलवा.'

सोमीमाय टोपली डोक्यावर घेऊनच आली. बाबा खांद्यावर नवीन दोरखंड टाकून आला, अन् जरा लांब उभा राह्यला, हाताची घडी घालून. त्याच्या तोंडावर साफ दिसत होतं, व्हा बाद, मले काय. बाजारातले लोक बी जमा झाले. सौदे सोडून माणसं आली होती, म्हणजे बाजारात त्या दिवशी सर्वात स्वस्त माल मीच होतो.

'बाई, तुम्ही या मुलाच्या कोण?' पंचायनं इचारलं.

'म्या घेतला त्याले.'

'घेतला म्हणजे?'

'इकत घेतला. लहान होता तवा.'

लोकांत कोणी हसलं नाई, कारण अर्ध्या लोकांच्या घरात तसं एखादं पोरगं होतंच. पंचायनं छत्री ह्या बगलेतून त्या बगलेत घेतली. टोपीवाले गुरुजी म्हणाले, 'साहेब, ही अडाणी लोकायची समजूत. कायद्यात ह्याले किंमत नाई. मी सांगतो, सामन्यातून तर काटाच, शाळेतूनही ह्या पोराचं नाव काटून टाका.'

मले तवा पहिल्यांदा भीती वाटली. सामन्याचं कायी नाई, मी पडलो असतो का उठलो असतो. पण उद्या दुपारी भिंतीजवळची ती जागा खाली राहील, अन् मी परत मोटर पाहून मोटरच म्हणीन, हे डोळ्यापुढं आलं. मी गुरुजीकडं पाह्यलं. गुरुजी जमिनीकडं पाहून राह्यले होते.

अन् तेवढ्यात बाबाच्या हाताची घडी सुटली.

'काय म्हटलं?' तो लोक बाजूले सारत आत आला. 'काय काटाचं म्हणता?'

'नाव. पोराचं नाव.'

'भर बाजारात, दिवसाढवळ्या, पोराचं नाव काटा म्हणता?' बाबाचा आवाज फाटला. त्याले शाळेचा कागद नोता दिसत. त्याच्या घरात आधी नावं कटली होती, ती कोणत्या कागदावरची नोती. 'तोंड धुवा गुरुजी तुमी. कोणाच्या पोराचं नाव काटता तुमी?'

पंच झटकन म्हणाले, 'म्हणजे हा तुमचा मुलगा?'

दोरखंड बाबाच्या खांद्यावरून घसरून खाली पडला, त्यानं उचलला नाई.

'जलमला माझ्या घरी,' बाबा म्हणे.

'म्हणजे तुमचाच.'

'तसं नाई म्हणता येत.'

'मग कोणाचा?'

बाबानं कोंबडी शोधली. मैदानात कोंबडी नोती. 'सोमीचा,' म्हणे.

'बरं.' पंच आता घामाघूम झाले होते. 'नियमात बाप असं लिहिलेलंच नाही, पालक असं आहे. पालक म्हणजे पाळणारा. पाळतो कोण?'

'पाळतो तर मीच!' बाबा उसळला. 'खाते केवढं ते इचारा.'

'पाळते तू,' सोमीमाय म्हणे, 'पण माल माझा.'

'माल तुझा, पण ठेवला माझ्या घरी.'

'मंग राखणदार झाला तू. राखणदाराले कोणी इचारते का बे?'

लोकांत खसखस झाली. टोपीवाले गुरुजी ओरडले, 'साहेब, ते सोडा. ह्या माणसाले सरळ इचारा, पोराच्या शाळेले त्याची संमती हाय का नाई. एक शब्द.'

पंचायनं इचारलं. मंग बाबा जे बोलला ते मी इतक्या वर्सात कोणत्या वकिलाच्या तोंडून ऐकलं नाई. हात जोडून म्हणे, 'साहेब, मले इचारूच नका. हो म्हटलं तर पोरगा माझा झाला. नाई म्हटलं तरी माझाच झाला, नाईतर नाई म्हणणारा मी कोण? माझं तोंड बांधलेलं हाय, साहेब. सोमीबाईले इचारा. अन् नाव काटू नका.'

पंच बुढे होते, नागपूरकडचे होते, पण माणूस होते. त्यायनं छत्री जमिनीत रोवली, चष्मा पुसला. म्हणाले, 'व्यवहार झाला तेव्हा तुम्ही तिथे होतात?'

'होतो.'

'तुम्ही पाहिलंत?'

'सूप माझ्याच हातात होतं.'

'मग तुम्ही साक्षीदार. बाईंनी पालक म्हणून अंगठा दिला आहे, तुम्ही खाली साक्षीदार म्हणून द्या. साक्षीदार हा मुलाचा कोणी नसतो. त्याने फक्त पाहिलेलं असतं.'

'पक्कं? कोणी नसते ना?'

'कोणी नसतो.'

बाबानं अंगठा धोतराले पुसला. एकदा पुसला, परत पुसला. शाईच्या डबीत बुडवला. सोमीमायनं टोपली खाली ठेवली अन् कागदाचं दुसरं टोक धरलं. बाबानं अंगठा टेकवला अन् उचलेचना, दाबून धरला, जसं काय त्याखालून कोणी निसटून जाईल. 'पाह्यलं म्या,' म्हणे. 'सारं पाह्यलं.' इथी माझ्या नातीनं लिहाचं थांबवलं अन् मले म्हणे, आबा, पाणी आणू का? मी म्हटलं, कोणासाठी?

मंग सामना झाला. एवढं सारं झाल्यावर आता खेळाचं बी सांगावंच लागते. पहिली चढाई माझी. मी 'हुतूतू' म्हणत पलीकडं गेलो, छाती फुगवून. कडंले लोकांत बाबा अन् सोमीमाय उभे दिसले, मधात चार हात जागा सोडून, बाबाचा अंगठा काळा, दोघायची बी तोंडं उघडी, दोघं बी माझ्यासोबत ओठ हालवून 'हुतूतू, हुतूतू' म्हणून राह्यले होते. मले हसू आलं. हसलो तर श्वास तुटला, श्वास तुटला तर बाद. त्या नेमात परत आत येता येत नोतं. टोपीवाले गुरुजी ज्या गड्यापायी इतके भांडले, त्याले बाद कराले त्यांच्या पोरायले हात बी लावावा लागला नाई. बाकीच्या आमच्या पोट्ट्यायनं तो सामना जितला, ते बी माझ्याबिगर. दुसऱ्या सामन्यात आमी हरलो, त्यात मी होतो. गुरुजी मले इतकंच म्हणाले, 'कोंडू, तू अभ्यासाकडं लक्ष दे.'

परतीले बाबानं मले आपल्या बंडीत घेतलं. ऊन उतरलं होतं, बांध्यायत धान पिवळं होत आलं होतं. सोमीमाय रिकामी टोपली घेऊन रस्त्याच्या कडंनं चालली होती. बाबानं बंडी तिच्याजवळ थांबवली अन् समोर पाहात म्हणे, 'ढवळ्या, सोमीबाईले म्हण, बसून घे.' ती बसली. चारोळीतली मूठभर उरली होती, ती तिनं माझ्या हातावर ठेवली, थोडी बाबाच्या. रस्ताभर चाकायचा आवाज अन् दाताखाली चारोळी फुटाचा आवाज. मले मात्र राहवेना. ज्याच्यासाठी भरला बाजार थांबला असा मी, कोणी दोन शब्द चांगले बोलावे की नाई? मी इचारलं, 'सोमीमाय, तू माझ्यासाठी बापाशी भांडली, पंचाशी भांडली. माझा खेळ कसा वाटला सांग ना?'

ती म्हणे, 'तुझा खेळ पाहाले कोण मरते बे? तुले खेळता येत नाई हे त्या म्हशीले बी मालूम हाय. म्या अंगठा शाळेसाठी टेकवला. उद्यापासून दुपारची ढोरं मी पाहीन. तू तोंड बंद कर अन् गुपचूप वर्गात बस.'